आभासी चलनाची चावी कोणाच्या हाती?

मुंबई, प्रतिनिधी

१८ जुलै २०२४ हा गुरुवार ‘वझीरएक्स’वर खाते असलेल्यांच्या चांगलाच लक्षात राहिला आहे. एके काळी देशातील सर्वांत मोठे म्हणवल्या जाणाऱ्या आणि मुंबईतून नावारूपाला आलेल्या या क्रिप्टो एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून त्या दिवशी सुमारे २३.५ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन हजार कोटी रुपयांच्या आसपास किमतीची नाणी निघून गेली. कंपनीकडील एकूण मालमत्तेचा हा जवळजवळ ४५ टक्के भाग होता. पैसे काढण्याची सोय लगोलग बंद करण्यात आली. पगारातून दरमहा थोडी थोडी रक्कम बाजूला काढून नाणी घेतलेल्या खातेदारांना मोबाइलच्या पडद्यावर आपली शिल्लक दिसत होती, ती हलवता मात्र येत नव्हती. नाण्यांच्या बाबतीत ही स्थिती पुढे सव्वा वर्ष टिकली.

मुंबईकरांना असा अनुभव अगदीच नवा नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आल्यानंतर शाखांसमोर लागलेल्या रांगा आणि सुरुवातीची एक हजार रुपयांची मर्यादा अनेकांच्या स्मरणात आहे. मात्र बँकेच्या बाबतीत रिझर्व्ह बँक होती, ठेव विमा महामंडळ होते आणि फेब्रुवारी २०२० पासून विम्याची मर्यादाही एक लाखावरून पाच लाख रुपयांवर गेली होती. वझीरएक्सच्या खातेदारासाठी यापैकी काहीच नव्हते. आपला कारभार पाहणारी ‘झेटाई’ ही कंपनी सिंगापुरात नोंदलेली आहे आणि आपल्या पैशांचा निकाल तेथील उच्च न्यायालयात लागणार आहे, हेही अनेकांना चोरीनंतरच समजले.

आभासी चलन विकत घ्यावे की घेऊ नये, यावर गेल्या काही वर्षांत भरपूर चर्चा झाली आहे. घेतलेले नाणे ठेवायचे कोठे, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षितच राहिला. वास्तविक नुकसानीच्या मोठ्या कहाण्या पाहिल्या, तर भाव कोसळल्याने बुडालेल्यांइतकेच ठेवण्याच्या पद्धतीने बुडालेलेही त्यांत दिसतात.

साठवायचे काय?

‘वॉलेट’ या शब्दानेच पुष्कळ गोंधळ होतो. पाकिटात नोट असते तसे वॉलेटमध्ये नाणे नसते. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत याची नोंद जगभरातील हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या सार्वजनिक खतावणीत असते आणि ती कोणालाही पाहता येते. मालकाकडे असते ती फक्त खासगी चावी, म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड संख्या. त्या संख्येच्या आधारे केलेली डिजिटल सही खतावणीला पटली की नाणे दुसऱ्याच्या नावे जाते. सही करणारा खरा मालक आहे की चोर, याची विचारपूस करणारे तेथे कोणी नसते. झालेला व्यवहार मागे घेण्याची तरतूदही नसते.

एवढी मोठी संख्या माणसाने लिहून ठेवताना चूक होण्याची शक्यता लक्षात घेऊन २०१३ मध्ये एक सोपी पद्धत रूढ झाली. २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून १२ किंवा २४ शब्द विशिष्ट क्रमाने दिले जातात. यालाच सीड फ्रेज म्हणतात. मोबाइल फुटला, संगणक जळाला, तरी हे शब्द हाताशी असतील तर नव्या उपकरणावर चावी पुन्हा तयार करता येते. याचा दुसरा अर्थ असा, की ते शब्द ज्याच्या दृष्टीस पडतील त्यालाही ती तयार करता येते.

बँकेच्या लॉकरशी याची तुलना अनेकदा केली जाते, ती काही अंशीच योग्य आहे. लॉकरला दोन चाव्या लागतात, एक ग्राहकाची आणि एक बँकेची. ग्राहकाची चावी हरवली, तर अर्ज करून, शुल्क भरून, साक्षीदारांसमक्ष लॉकर फोडून घेता येतो. ग्राहक मरण पावला, तर नामनिर्देशित व्यक्ती कागदपत्रे घेऊन उभी राहू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फटकारल्यानंतर रिझर्व्ह बँकेने काढलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीमुळे ऐवज गेल्यास बँकेला लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत भरपाई द्यावी लागते. बिटकॉइनच्या खासगी चावीला यापैकी एकही गोष्ट लागू नाही. फोडून घेण्यासारखे कुलूपच तेथे नसते.

येथेच या विषयातील खरी अडचण सुरू होते. चोरीपासून वाचण्यासाठी चावी जितकी दडवावी, तितकी ती मालकाला किंवा त्याच्या वारसांना न सापडण्याची शक्यता वाढते. हरवू नये म्हणून तिच्या जितक्या प्रती कराव्यात, तितक्या चोरासाठी वाटा वाढतात. एकाच उपायाने दोन्ही संकटे टळत नाहीत. बहुसंख्य भारतीय ग्राहकांनी या कोड्यातून सोपा मार्ग काढला आणि चावी एक्स्चेंजच्याच हवाली केली.

तिघांच्या सह्या, तरीही चोरी

वझीरएक्सचे ते वॉलेट अगदी उघड्यावर ठेवलेले नव्हते. त्यावर सहा स्वाक्षरीकार होते. पाच एक्स्चेंजचे आणि एक ‘लिमिनल’ या अभिरक्षण सेवा देणाऱ्या कंपनीचा. व्यवहार पुढे जाण्यासाठी पाचांपैकी तिघांची आणि त्यानंतर लिमिनलची संमती लागत असे. एक्स्चेंजच्या स्वाक्षरीकारांच्या चाव्या हार्डवेअर वॉलेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्वतंत्र उपकरणांत होत्या. नाणी कोणत्या पत्त्यांवर पाठवता येतील, याची मान्य यादीही ठरलेली होती. कागदावर पाहता याहून कडेकोट व्यवस्था क्वचितच आढळेल.

कंपनीच्या प्राथमिक निवेदनानुसार, स्वाक्षरी करणाऱ्यांना लिमिनलच्या पडद्यावर दिसलेला व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झाली तो व्यवहार हे वेगवेगळे होते. पडद्यावर नेहमीचे हस्तांतरण दिसत होते. सही मात्र वॉलेटचा ताबाच दुसऱ्याच्या हाती सोपवणाऱ्या बदलावर झाली. साक्षीदार म्हणून सही करा, असे सांगून मालकाचीच सही खरेदीखतावर घेतल्याची प्रकरणे दुय्यम निबंधक कार्यालयांच्या आवारात अधूनमधून ऐकू येतात. जातकुळी तीच, फरक एवढाच, की येथे फसवणारा हजारो मैलांवर होता आणि खरेदीखत रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालय नव्हते. लिमिनलने आपल्या यंत्रणेत कोणतीही घुसखोरी झाली नसल्याचे सांगितले. पुढे दोन्ही कंपन्यांनी नामांकित संस्थांकडून तपासण्या करून घेतल्या आणि दोघांच्याही अहवालांनी आपापल्या ग्राहकाची बाजू निर्दोष असल्याचेच दाखवले. दोन हजार कोटी नेमके कोणाच्या दारातून गेले, याचे उत्तर ग्राहकाला या अहवालांतून मिळाले नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या संयुक्त निवेदनात मात्र ही चोरी उत्तर कोरियाशी संबंधित हॅकरांची असल्याचे नमूद करण्यात आले.

त्याच्या पुढच्याच महिन्यात, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, दुबईस्थित ‘बायबिट’ या एक्स्चेंजमधून सुमारे चार लाख इथर, म्हणजे जवळपास दीडशे कोटी डॉलरची नाणी गेली. आभासी चलनाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी चोरी ठरली. तेथेही अनेकांच्या सह्यांचे वॉलेट होते आणि तेथेही सही करणाऱ्यांना पडद्यावर एक दिसले व घडले दुसरेच. चोरांनी बायबिटच्या तिजोरीला हातही लावला नव्हता. व्यवहार दाखवणारी प्रणाली पुरवणाऱ्या ‘सेफ’ या सेवेच्या एका विकासकाचा संगणक त्यांनी आधीच ताब्यात घेतला होता. अमेरिकेच्या एफबीआयने आठवडाभराच्या आत उत्तर कोरियाचे नाव घेतले.

या दोन घटनांनी बहुस्वाक्षरी पद्धतीचे महत्त्व कमी झाले, असे म्हणता येणार नाही. एकाच माणसाच्या हाती सर्व चाव्या देण्यापेक्षा ती केव्हाही बरी. मात्र तिघांनी एकाच पडद्यावर विसंबून सही केली, तर ती तिघांची तपासणी उरत नाही, हे दोन्ही कंपन्यांना फार मोठी किंमत मोजून कळले.

जपानने काय केले?

एक्स्चेंज आपल्याकडील नाणी साधारणतः दोन भागांत ठेवतात. रोजच्या देवाणघेवाणीसाठी लागणारा भाग इंटरनेटला जोडलेल्या ‘हॉट’ वॉलेटमध्ये आणि उरलेला भाग नेटपासून तोडलेल्या ‘कोल्ड’ वॉलेटमध्ये असतो. दुकानदार गल्ल्यात सुट्टे ठेवतो आणि बाकीची रक्कम बँकेत भरतो, त्यातलाच हा प्रकार. प्रश्न असतो तो गल्ल्यात किती ठेवायचे याचा. जुलै २०२५ मध्ये ‘कॉइनडीसीएक्स’ या भारतीय एक्स्चेंजच्या एका अंतर्गत खात्यातून सुमारे ४.४ कोटी डॉलर चोरीला गेले. ते खाते कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाचे असल्याने आणि ग्राहकांची नाणी कोल्ड वॉलेटमध्ये वेगळी असल्याने ग्राहकांना झळ पोहोचली नाही, नुकसान कंपनीने आपल्या तिजोरीतून सोसले, असे तिने जाहीर केले. कंपनीने हे वेगळेपण पाळले, ते तिच्या धोरणामुळे. तसे पाळलेच पाहिजे, असे बंधन भारतात त्या वेळी कोणत्याही कायद्यात नव्हते.

जपानमध्ये ते आहे, आणि ते फुकट आलेले नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये टोकिओतील ‘माउंट गॉक्स’ हे त्या काळचे जगातील सर्वांत मोठे एक्स्चेंज साडेआठ लाख बिटकॉइन गमावल्याचे सांगून दिवाळखोरीत गेले. त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले. तरीही धनकोंना बिटकॉइनच्या रूपात परतफेड सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. जानेवारी २०१८ मध्ये ‘कॉइनचेक’मधून पन्नास कोटी डॉलरहून अधिक किमतीची नाणी गेली, ती सगळी हॉट वॉलेटमध्ये पडून होती. दोन ठेचा लागल्यावर जपानने कायदा बदलला. मे २०२० पासून तेथील एक्स्चेंजला ग्राहकांची किमान ९५ टक्के नाणी कोल्ड वॉलेटमध्ये ठेवावी लागतात आणि उरलेल्या पाच टक्क्यांइतकी स्वतःच्या मालकीची नाणी वेगळी राखावी लागतात. या तरतुदीची कसोटी नोव्हेंबर २०२२ मध्ये लागली. बहामास बेटांवरून चालणारे ‘एफटीएक्स’ कोसळले, ग्राहकांचा पैसा भगिनी कंपनीने सट्ट्यात उडवल्याचे उघड झाले आणि जगभरचे लाखो लोक अडकले. त्याच समूहाच्या जपानी शाखेच्या ग्राहकांची नाणी मात्र वेगळी शाबूत होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्यांना ती काढून घेता येऊ लागली.

युरोपीय संघाने वेगळी वाट धरली. डिसेंबर २०२४ अखेरपासून तेथे लागू झालेल्या नियमांनुसार, अभिरक्षण करणाऱ्या कंपनीच्या दोषामुळे ग्राहकाची नाणी गेल्यास त्या वेळच्या बाजारभावापर्यंतची जबाबदारी त्या कंपनीवर येते.

भारतातील चित्र काय आहे? एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवसायाशी संबंध तोडण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये ते परिपत्रक रद्दबातल ठरवले. २०२२ च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि प्रत्येक व्यवहारावर एक टक्का उद्गम कर लावला. एका नाण्यातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्यासही मनाई केली. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंज आणि अभिरक्षण सेवा काळा पैसा प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आल्या. ग्राहक कोण आहे, पैसा कोठून आला, त्यातून सरकारला किती मिळणार, हे सारे ठरले. त्या ग्राहकाचे नाणे कोणत्या तिजोरीत राहील आणि गेल्यास भरून कोण देणार, हे मात्र २०२५ अखेरपर्यंत ठरले नव्हते. या चलनाला मान्यता दिल्यासारखे दिसू नये म्हणून नियम करायचे टाळले जाते, असे समर्थन दिले जाते. ३० टक्के कर घेताना तो संकोच आड आला नाही, ही गोष्ट ग्राहकांच्या नजरेतून सुटलेली नाही.

घरची तिजोरी

एक्स्चेंज बुडतात, मग चावी स्वतःकडेच ठेवावी, असा विचार करणाऱ्यांची संख्या वाढणे स्वाभाविक आहे. ज्याची चावी नाही त्याचे नाणे नाही, असे या क्षेत्रातील जुने लोक सांगतच असतात. काही भारतीय मंचांनी खरेदी केलेले नाणे बाहेर नेण्याची सोय मर्यादित ठेवली आहे, त्यामुळे ही वाटही सर्वांना सारखी मोकळी नाही. ज्यांना आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांची पसंती हार्डवेअर वॉलेटला असते. प्रागमधील कंपनीने २०१४ मध्ये ‘ट्रेझर’ या नावाने पहिले असे उपकरण बाजारात आणले. फ्रान्सच्या ‘लेजर’चे नावही त्याच सुमारास पुढे आले. पेनड्राइव्हएवढ्या या उपकरणात चावी तयार होते आणि ती तेथेच राहते. सही उपकरणाच्या आत होते आणि फक्त सही बाहेर पडते. संगणकात व्हायरस असला तरी चावी त्याच्या हाती लागत नाही.

उपकरणापेक्षा मोठा धोका असतो तो त्या १२ किंवा २४ शब्दांना. अनेक जण लिहिण्याचा कंटाळा करून शब्दांचा मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. तो फोटो आपोआप क्लाउडवर जातो आणि तेथून कोठे जाईल ते सांगता येत नाही. फोनमधील छायाचित्रे वाचून त्यांत असे शब्द शोधणारी घातक प्रणाली गूगल आणि अॅपल या दोघांच्याही अधिकृत अॅप-दुकानांत शिरल्याचे ‘कॅस्परस्की’ या संगणक सुरक्षा कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघडकीस आणले होते. स्वतःला ई-मेल करून ठेवणे, व्हॉट्सअॅपवर घरच्यांना पाठवणे, हेही याच मालिकेतले प्रकार. या बाबतीत चोरही ग्राहकांपेक्षा फार शहाणे असतात असे नाही. ‘बिटफिनेक्स’मधून २०१६ मध्ये सुमारे १ लाख २० हजार बिटकॉइन चोरणाऱ्याने त्यांच्या चाव्यांची फाइल ऑनलाइन साठवणीत ठेवली होती. अमेरिकी तपास यंत्रणांनी ती उलगडली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ९४ हजारांहून अधिक बिटकॉइन परत मिळवल्याचे जाहीर केले.

शब्द कागदावर लिहावेत, हा सल्ला योग्यच आहे. परंतु कागदाला वाळवी लागते आणि मुंबईच्या तळमजल्यांना २६ जुलै २००५ ची आठवण आहे. म्हणून मोठी रक्कम असणारे पोलादी पट्टीवर शब्द ठोकून घेतात, दोन प्रती दोन वेगळ्या इमारतींत ठेवतात. तीन चाव्यांपैकी कोणत्याही दोन असल्या तरी पुरे, अशी मांडणी करून एक घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक विश्वासातील नातलगाकडे ठेवण्याची पद्धतही आहे. एक चावी चोरीला गेली तरी चोराचे काम होत नाही आणि एक हरवली तरी मालकाचे अडत नाही. चोरी आणि गहाळ होणे या दोन्ही संकटांवर एकाच वेळी काही प्रमाणात उतारा देणारी ही व्यवस्था आहे. तिची किंमत एवढीच, की ती समजून घ्यायला आणि निगुतीने सांभाळायला वेळ द्यावा लागतो. चार-पाच हजार रुपयांच्या नाण्यांसाठी एवढा खटाटोप कोणी करणार नाही आणि करण्याची गरजही नाही.

हार्डवेअर वॉलेट वापरणाऱ्यालाही फसवणूक चुकलेली नाही. २०२० मध्ये लेजरच्या विक्री विभागाकडील माहिती फुटली आणि सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक उघड झाले. उपकरण सुरक्षितच होते, पण ते कोणाच्या घरी आहे याची यादी चोरांना मिळाली. त्यानंतर काही ग्राहकांना टपालाने हुबेहूब दिसणारी बनावट उपकरणे आली. सोबत, जुने बदलून यात आपले शब्द भरा, असे पत्र. कोणतीही कंपनी, बँक, पोलीस किंवा मदत केंद्र ग्राहकाला हे शब्द कधीही विचारत नाही, एवढे लक्षात ठेवले तरी निम्म्याहून अधिक फसवणुकी टळतील, असे मानायला जागा आहे. उपकरण थेट उत्पादकाकडून घ्यावे, आधीच शब्द लिहून आलेली चिठ्ठी सोबत असेल तर ते वापरूच नये आणि मोठी रक्कम भरण्यापूर्वी थोडे नाणे टाकून, उपकरण पुसून, शब्दांवरून ते परत मिळते का याची तालीम करावी. ही शेवटची गोष्ट जवळपास कोणीच करत नाही. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजरच्या एका सहसंस्थापकाचेच अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्यांचे बोट तोडण्यात आले. आपल्याकडे किती नाणी आहेत याची वाच्यता न करणे, हाही सुरक्षेचाच भाग ठरला आहे तो यामुळे.

हरवलेले आणि हरवल्याचे सांगितलेले

चोरीच्या बातम्या होतात, हरवण्याच्या फारशा होत नाहीत. तोपर्यंत निर्माण झालेल्या बिटकॉइनपैकी सुमारे २० टक्के नाणी हरवलेल्या किंवा कोणालाच उघडता न येणाऱ्या वॉलेटमध्ये अडकलेली असावीत, असा ‘चेनॅलिसिस’ या संस्थेचा अंदाज जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला होता. वेल्समधील न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तीत सुमारे आठ हजार बिटकॉइनची चावी होती. कचराभूमी उकरण्याची परवानगी मिळावी म्हणून त्यांनी दहा-बारा वर्षे नगर परिषदेचा पिच्छा पुरवला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. स्टीफन थॉमस या संगणकतज्ज्ञाची गोष्ट आणखी विचित्र. त्यांचे ७००२ बिटकॉइन ज्या कूटबद्ध पेनड्राइव्हमध्ये आहेत, तो पासवर्डच्या दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर कायमचा बंद होतो. त्यांचे आठ प्रयत्न वाया गेल्याचे २०२१ मध्ये जगाला कळले. दोघेही या विषयात अडाणी नव्हते.

चावी एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर त्याच्या मृत्यूनंतर काय होते, याचे उदाहरण म्हणून कॅनडातील ‘क्वाड्रिगासीएक्स’चे नाव घेतले जाते. या एक्स्चेंजचे संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरमध्ये आजारपणात वारले. त्यांच्या लॅपटॉपचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे कोल्ड वॉलेट उघडता येत नाहीत, असे काही आठवड्यांनी सांगण्यात आले. सुमारे ७६ हजार ग्राहक अडकले. हळहळ व्यक्त झाली, संशयही व्यक्त झाले. न्यायालयाने नेमलेल्या संस्थेने पुढे ती कोल्ड वॉलेट पाहिली, तेव्हा ती एप्रिल २०१८ पासूनच रिकामी असल्याचे आढळले. ऑन्टारियोच्या रोखे आयोगाने २०२० मध्ये निष्कर्ष काढला, की कॉटन ग्राहकांच्या पैशांवर खोट्या खात्यांतून सौदे करत होते. चावी हरवल्याने पैसा गेला नव्हता, तो आधीच संपला होता. ‘चावी हरवली’ या सबबीची बाहेरच्या कोणालाही सहज शहानिशा करता येत नाही, हा या प्रकरणाचा फारसा न बोलला गेलेला भाग आहे.

भारतीय घरांत कॉटन यांच्यासारखी लबाडी नसेल. एकट्याच्या डोक्यात राहणारी चावी मात्र सर्रास आढळते. बँक खाते, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी या सगळ्यांत नामनिर्देशनाचा रकाना असतो. खासगी वॉलेटला तो असूच शकत नाही. वारसा दाखला मिळवून पत्नी किंवा मुलगा मालक ठरेल, पण दाखला दाखवायचा कोणाला? निदान उपकरण कोठे आहे, शब्दांची पट्टी कोठे आहे आणि ते काय आहे, एवढे सांगणारे बंद पाकीट इच्छापत्रासोबत ठेवणे हा त्यातल्या त्यात व्यवहार्य उपाय मानला जातो. शब्द मात्र इच्छापत्रात लिहू नयेत. ते वकिलापासून निबंधकापर्यंत अनेकांच्या नजरेखालून जाते.

पोलिसांच्या ताब्यातली नाणी

नाणे जप्त झाले, तर सरकार ते कसे सांभाळणार, हा प्रश्न पुण्याने सर्वांत आधी पाहिला. ‘गेनबिटकॉइन’ या हजारो गुंतवणूकदारांना फसवणाऱ्या योजनेचा तपास पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये केला, तेव्हा तांत्रिक मदतीसाठी बाहेरचे तज्ज्ञ घेतले होते. मार्च २०२२ मध्ये त्यांच्यापैकीच दोघांना अटक झाली. त्यांतील एक माजी पोलीस अधिकारी होता. आरोपींच्या वॉलेटमधील नाणी तपासादरम्यान परस्पर वळवली, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. सोने जप्त झाले की पंचनामा होतो, वजन होते, लाखेचे सील लागते. चावी पाहिलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीला सील लावता येत नाही. जप्त केलेले नाणे त्याच दिवशी नव्या, अनेकांच्या सह्यांच्या सरकारी वॉलेटमध्ये हलवणे हा त्यावरचा उघड उपाय होता. त्यासाठीची कार्यपद्धती तेव्हा तयार नव्हती.

वझीरएक्सचे पुढे काय झाले? खातेदारांचे दावे चोरीच्या दिवशीच्या भावाने ठरवण्यात आले. दरम्यान डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइनने एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तो त्यांनी दुरूनच पाहिला. शिल्लक नाणी प्रमाणशीर वाटायची आणि उरलेल्या दाव्यापोटी ‘रिकव्हरी टोकन’ द्यायची, अशी योजना मांडली गेली. धनकोंनी ती मोठ्या बहुमताने स्वीकारली, न्यायालयाने जून २०२५ मध्ये नाकारली, दुरुस्तीनंतर पुन्हा मतदान झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूर उच्च न्यायालयाने तिला मंजुरी दिली. २४ ऑक्टोबरला एक्स्चेंज पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्याच दिवशी, २५ ऑक्टोबर रोजी, मद्रास उच्च न्यायालयाने एका महिला खातेदाराच्या अर्जावर निकाल दिला. तिने जानेवारी २०२४ मध्ये १ लाख ९८ हजार रुपयांना ३५३२ एक्सआरपी नाणी घेतली होती. चोरीला गेलेली नाणी वेगळ्या प्रकारची होती, आपली गेलेलीच नाहीत, मग इतरांचा तोटा आपल्या माथी का, असा तिचा साधा प्रश्न होता. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी आभासी चलन ही मालमत्ता असून ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी धारण करता येते, असे स्पष्ट करून तिच्या नाण्यांना अंतरिम संरक्षण दिले. एक्स्चेंज ग्राहकाचे विश्वस्त असतील, तर ते ग्राहकाची नाणी इतरांच्या तोट्यात मिसळू शकत नाहीत. हा मुद्दा मान्य झाल्यास प्रत्येक भारतीय एक्स्चेंजला आपली तिजोरी नव्याने लावावी लागेल. मात्र हा आदेश लवाद सुरू होण्यापूर्वीच्या तात्पुरत्या संरक्षणाचा होता. मूळ वादाचा निवाडा लवादापुढे होणार, असेच त्यात गृहीत होते.